नो डायरेक्शन होम: संबळ-हलगीच्या कानांनी पाहावा असा माहितीपट

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनवरचा ‘नो डायरेक्शन होम’ हा माहितीपट हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी याने २००५ साली केला. लांबी २०८ मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांना दोनच मिनिटं कमी, आणि मांडणी दोन भागांत. सोलापुरात जागरण-गोंधळाच्या पार्टीत वाजवणारे, भजनी मंडळात पेटी धरणारे, मंडपात साउंड लावणारे आणि कॉलेजात गिटार शिकणारे, या सगळ्यांनी तो पाहावा. ज्यांना डिलनचं एकही गाणं ठाऊक नाही त्यांनी तर जरूर पाहावा. फक्त एका बैठकीत नको, आणि मोबाईलवर तर मुळीच नको.

गोष्ट जेमतेम पाच-सहा वर्षांची आहे. १९४१ साली जन्मलेला, मिनेसोटा राज्यातल्या हिबिंग गावात वाढलेला एक मुलगा १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला येतो. गिटार आणि गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन एवढ्या सामानावर लोकगीतं गायला लागतो. १९६३ मध्ये तो एका अख्ख्या पिढीचा आवाज म्हणून गणला जातो आणि १९६५ मध्ये इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून रॉकचा मोठा तारा होतो. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये लोक तिकीट काढून त्याच्या कार्यक्रमाला येतात आणि अर्ध्या कार्यक्रमानंतर त्याचीच हुर्यो उडवतात. २९ जुलै १९६६ च्या मोटारसायकल अपघातापाशी चित्रपट थांबतो. पुढचा डिलन, २०१६ चं साहित्याचं नोबेल वगैरे यात शोधायला जाऊ नका.

हिबिंग हे लोहखनिजाच्या खाणीवर जगणारं गाव. जमिनीखाली खनिज सापडलं म्हणून मूळ वस्तीच उचलून दुसरीकडे हलवलेली. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या सोलापूरला असं एका धंद्यावर उभं असलेलं गाव समजावून सांगावं लागत नाही. चित्रपटात हिबिंगचे मोजकेच तुकडे आहेत, पण ते सावकाश पाहा. थंडी, रिकामे रस्ते, आणि रात्री रेडिओवर लांबून पकडलेली गाणी. वडिलांनी घेतलेल्या घरात आधीच्या लोकांचा एक मोठा रेडिओ राहिला होता. त्याचं झाकण उघडलं तर आत तबकडी वाजवायची सोय, आणि तिच्यावर एक जुनी तबकडी. ती ऐकताना आपण कुणी वेगळेच आहोत असं वाटलं, असं डिलन सांगतो. हे सांगताना त्याचा चेहरा जवळजवळ हलत नाही. साठीकडे झुकलेला माणूस, अंधारी पार्श्वभूमी, तुटक वाक्यं. ही मुलाखत स्कॉर्सेसीने घेतलेली नाही. डिलनच्या कचेरीतले, त्याचे व्यवस्थापक जेफ रोझन यांनी ती आधीच चित्रित करून ठेवली होती आणि स्कॉर्सेसी नंतर आला. ही गोष्ट मनात धरूनच चित्रपट पाहायला हवा. तिचे फायदे-तोटे दोन्ही पुढे दिसतात.

आता मांडणीची एक अडचण, कारण पहिल्या वीस मिनिटांत नवखा प्रेक्षक इथेच हरवतो. चित्रपट सरळ रेषेत चालत नाही. सुरुवातच १९६६ च्या दौऱ्यातल्या दणदणीत रॉकने होते आणि मग आपण बालपणात जातो. पुढे दर थोड्या वेळाने १९६६ चे रंगीत तुकडे मध्येच येत राहतात: पडलेला, वैतागलेला, झोप न झालेला डिलन, आणि नाट्यगृहाबाहेर येऊन तावातावाने बोलणारी पोरं. एक खूण धरून ठेवा. विस्कटलेले केस आणि रंगीत, खरखरीत चित्र दिसलं की १९६६. कृष्णधवल, कोरा चेहरा आणि एकटी गिटार दिसली की त्याआधीचं. दोन काळ आलटून पालटून दाखवण्याला कारण आहे. १९६३ मध्ये टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीला लागूनच १९६६ ची शिव्या देणारी गर्दी दिसते आणि ‘याने असं केलं तरी काय’ हा प्रश्न साडेतीन तास जागा राहतो. संकलक डेव्हिड टेडेस्की याचं हे काम फार बारकाईचं आहे.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर चित्रपट पहिल्याच भागात देऊन टाकतो, पण ते सहज निसटतं. हिबिंगमध्ये शाळकरी डिलन रॉक अँड रोलच वाजवत होता. शाळेच्या कार्यक्रमात पियानो बडवत होता. पुढे ओडेटा या गायिकेची तबकडी ऐकल्यावर त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर देऊन साधी लाकडी गिटार घेतली. म्हणजे वीज आधी, लोकगीत नंतर, आणि १९६५ मध्ये पुन्हा वीज. ज्याला लोक ‘सोडून गेला’ म्हणाले तो खरं तर जिथून निघाला होता तिथे परतत होता, फक्त येताना लोकगीताची सगळी शिदोरी बरोबर घेऊन. चित्रपटात ओडेटाचा जो तुकडा आहे त्यावर थांबा. गिटारवर तिचा हात घणासारखा पडतो, त्या आघातावर शब्द येतो आणि मग शांतता. पोतराजाचा आसूड अंगावर पडण्याआधी क्षणभर जशी हवा थांबते, तसा तो थांबा आहे. या एका तुकड्यातून कळतं की साध्या गिटारवरसुद्धा ‘जोर’ काढता येतो आणि डिलनच्या कानाला नेमकं काय लागलं होतं.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजचा भाग माहितीने खच्चून भरलेला आहे. छोटी कॉफीघरं, टोपी फिरवून गोळा केलेले पैसे, एकमेकांची गाणी उचलणारे गायक. डिलन ज्याला गुरुस्थानी मानायचा तो लोकगायक वुडी गथ्री तेव्हा हंटिंग्टनच्या आजाराने न्यू जर्सीतल्या रुग्णालयात पडलेला. त्याची गाणी त्यालाच म्हणून दाखवायला डिलन तिथे जायचा. लोकगायक लियम क्लॅन्सी पबमध्ये बसून आठवणी सांगतो, लोकगायिका जोन बाएझ स्वयंपाकघरात बसून डिलनची हुबेहूब नक्कल करते. पण वाजवणाऱ्यांनी कान टवकारावेत ते तिथल्याच गायक डेव्ह व्हॅन रॉन्कपाशी. एका जुन्या लोकगीताला त्याने स्वतःची अशी गिटारची बांधणी केली होती. डिलनने ती आपल्या पहिल्या तबकडीसाठी ध्वनिमुद्रित केली आणि मग येऊन विचारलं, चालेल ना? पुढे व्हॅन रॉन्कनेच ते गाणं म्हणायचं सोडलं, कारण लोक त्यालाच ‘डिलनचं गातोस’ म्हणू लागले. आणि पुढे एका ब्रिटिश बँडने तेच गाणं गाजवल्यावर डिलनवरही तीच पाळी आली.

ही चोरी की परंपरा? महाराष्ट्रात याचं उत्तर द्यायला फार विचार करावा लागत नाही. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणं हा शाहिरीचा, जलशाचा, भीमगीतांचा रोजचा व्यवहार आहे. ‘ब्लोइंग इन द विंड’ ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या एका जुन्या गाण्यावरून आलेली आहे, ‘मास्टर्स ऑफ वॉर’ ची एका जुन्या इंग्रजी लोकगीतावरून. चाल सगळ्यांची, शब्द ज्याचे त्याचे. पण बांधणी, म्हणजे कोणता स्वरमेळ कुठे, बोटं कशी, ठेका कुठे तोडायचा, ही मात्र त्या वाजवणाऱ्याची कमाई असते. व्हॅन रॉन्क हसत हसत सांगतो, पण त्याची नाराजी या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. जागरणाच्या पार्ट्यांतही भांडणं चालीवरून होत नाहीत, ‘माझी उठावणी याने उचलली’ यावरूनच होतात.

एक उणीव इथेच नोंदवतो. पहिली तबकडी १९६२ च्या मार्चमध्ये आली आणि पहिल्या वर्षात जेमतेम पाच हजार खपली. कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीत डिलनला घेणाऱ्या जॉन हॅमंडवर त्यामुळे टीका झाली. या अपयशाला चित्रपट फार चटकन मागे टाकतो. ‘रातोरात तारा’ असं जे वाटतं ते या घाईमुळे. प्रत्यक्षात हे दीड-दोन वर्षांचं, खप नसलेल्या माणसाचं काम आहे.

दुसऱ्या भागात न्यूपोर्ट येतं, आणि इथे रिमोट हातात घेऊन बसा.

२५ जुलै १९६५. न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव, मोकळं मैदान. डिलनच्या गळ्यात फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, शेजारी गिटारवादक माइक ब्लूमफिल्ड टेलिकास्टर ही तिची बहीण घेऊन, ऑर्गनवर अल कूपर, बासवर जेरोम अर्नोल्ड, ड्रमवर सॅम ले. तालीम झाली ती आदल्या रात्री. पहिलं गाणं ‘मॅगीज फार्म’ जवळजवळ एकाच स्वरमेळावर ठाण मांडून बसतं. तुणतुणं जसं एकाच स्वराला धरून राहतं आणि वरचा गाणारा मोकळा सुटतो, अगदी तसं. अशा रचनेत सगळा भार ठेक्यावर असतो, ठेका जरा सरकला तर धरायला दुसरं काही नसतं. तो इथे सरकतो. नीट ऐकलं तर वाजवणारे एकमेकांना शोधताना कळतात. तीन गाणी होतात आणि सगळे मंचावरून उतरतात. टाळ्या आणि हुर्यो एकदमच.

लोक का ओरडले? चित्रपटाचा सगळ्यात मोठा गुण हा की तो एकच उत्तर ठोकून देत नाही. कुणी म्हणतं वीज आणली म्हणून, कुणी म्हणतं तीनच गाणी झाली म्हणून, कुणी म्हणतं शब्दच कळत नव्हते म्हणून. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर स्वतः सांगतो की आवाज इतका फाटलेला होता की एक शब्द कळेना, कुऱ्हाड असती तर केबल तोडली असती. ‘सीगर कुऱ्हाड घेऊन धावला’ ही दंतकथा यातूनच फुगली. त्याचं म्हणणं वीज नको असं नव्हतं, शब्द ऐकू यावेत असं होतं.

सीगर हा कोण माणूस हे समजायला आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण पुरेसं आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं करणारे, कामगारांच्या सभेत डफावर आवाज टाकणारे. शाहिराचा डफ कितीही कडाडला तरी शब्दावर चढत नाही. कडव्यात डफ खाली बसतो आणि झीलकऱ्यांच्या वेळी उसळतो. सीगर त्याच जातीचा. १९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं राहून उत्तरं द्यायला नकार देणारा. त्याच्यासाठी गाणं म्हणजे निरोप, आणि निरोप पोचला नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

मग आवाज फाटला का? मंडपात साउंड लावणाऱ्या कुणालाही हे ऐकून कळेल. लोकसंगीताच्या मंचाची मांडणी एक गळा आणि एक लाकडी गिटार यांच्या हिशोबाने असते. दोन्ही हळू, म्हणून माइक चढवलेला. आता त्याच गळ्याच्या माइकमागे चार पावलांवर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खच्चून सोडला की त्याचा आवाज थेट गळ्याच्या माइकमध्ये शिरतो. साउंडवाला गळा वर करायला जातो, गिटारही त्याबरोबर वर येते. खाली घेतो तर गळाच बुडतो. शिवाय मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुढच्या रांगांना स्पीकरशिवाय सरळ येतो, तो मिक्सरवरून कमीच करता येत नाही. म्हणून पुढे बसलेल्यांनी एक कार्यक्रम ऐकला आणि मागे बसलेल्यांनी दुसरा. साक्षी जुळत नाहीत त्यामागे हेही कारण आहे. आपल्याकडे गायकाच्या हातभर अंतरावर हलगी उभी केली की हेच होतं: गळा चढवला की हलगी चढते, आणखी चढवला की माइक शिट्टी मारतो. उपाय तेव्हाही तोच होता, आजही तोच: वाजवणाऱ्याला गायकाच्या मागून काढून बाजूला घ्या, अ‍ॅम्प्लिफायर खाली आणा, माइक तोंडाला लावा, आणि लोक येण्याआधी अर्धा तास सगळं एकत्र वाजवून बघा. तालीम वेगळी आणि साउंड तपासणी वेगळी.

गोंधळ शमवायला डिलनला परत मंचावर आणलं गेलं, एकटं, लाकडी गिटार देऊन. तिथे त्याला ‘ई’ पट्टीचा माउथ ऑर्गन हवा होता आणि जवळ नव्हता. त्याने प्रेक्षकांकडे मागितला आणि लोकांनी मंचावर फेकले. पेटीवाल्याला हे चटकन कळेल. ‘ई’ म्हणजे आपली पांढरी तीन. पेटीवर पट्टी बदलायला बोटं सरकवली की झालं, पण दहा छिद्रांचा हा छोटा माउथ ऑर्गन एकाच पट्टीत बांधलेला असतो. प्रत्येक पट्टीला वेगळा बाळगावा लागतो. पाच मिनिटांपूर्वी ज्याला हुर्यो मिळाली त्याच्या पायाशी लोक स्वतःचे माउथ ऑर्गन टाकतात, यावरून त्या मैदानातला राग किती मिश्र होता ते समजतं. डिलनची त्या दिवशीची स्ट्रॅटोकास्टर २०१३ च्या लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

न्यूपोर्टच्या महिनाभर आधी, १५ आणि १६ जूनला, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ घडलं. चित्रपटात ही गोष्ट अल कूपर सांगतो, आणि आमच्या मते साडेतीन तासांतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. कूपर २१ वर्षांचा, गिटार वाजवणारा, निर्माता टॉम विल्सनचा पाहुणा म्हणून नुसता बघायला आलेला. मनात मात्र आपल्याला वाजवायला मिळेल ही आशा. तेवढ्यात ब्लूमफिल्ड येऊन गिटार जुळवतो आणि त्याची दोन-चार वळणं ऐकूनच कूपर आपली गिटार पेटीत ठेवून देतो. थोड्या वेळाने ऑर्गनवरचा वादक पियानोकडे सरकतो आणि ऑर्गन रिकामा राहतो. कूपर त्याच्यावर जाऊन बसतो. त्याला ऑर्गन येत नाही.

आता गाणं लावा आणि फक्त ऑर्गन ऐका. तो प्रत्येक स्वरमेळावर किंचित मागून येतो. येत नसल्यामुळे कूपर बाकीचे कुठे जातात ते आधी ऐकतो आणि मग बोट ठेवतो. भजनात नवखा पेटीवाला बुवांच्या मागे मागे जातो, तसंच. ध्वनिमुद्रण ऐकताना डिलन म्हणाला, ऑर्गन वाढवा. निर्माता म्हणाला, अरे, तो ऑर्गनवाला नाही. डिलन हटला नाही. त्या मागून येण्यामुळेच गाण्याला लाट आल्यासारखी चाल मिळाली. ती जर ‘दुरुस्त’ करून ठेक्यावर बसवली असती तर गाणं सपाट झालं असतं. आज संगणकावर प्रत्येक स्वर रेघेवर ओढून बसवणाऱ्या मुलांनी हे दहा वेळा ऐकावं.

दुसरी गोष्ट चित्रपटात नीटशी येत नाही म्हणून इथे सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी हे गाणं तीनच्या ठेक्यात चाललं होतं, आपल्या दादऱ्याच्या अंगाने. दुसऱ्या दिवशी ते चारच्या ठेक्यात आलं आणि त्या दिवसाचा चौथा प्रयत्न तबकडीवर गेला. नंतर बरेच प्रयत्न केले, पण तसं पुन्हा जमलं नाही. लांबी सहा मिनिटांच्या वर. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालत, म्हणून तबकडीच्या दोन बाजूंना तोडूनही ते वाटलं गेलं. तरी ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

मग १९६६ चा इंग्लंड दौरा. डी. ए. पेनेबेकरने रंगीत फितीवर टिपलेला हा माल वर्षानुवर्षं नीट कुणाला दिसलेला नव्हता. १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ४०० फुटांची फीत साधारण ११ मिनिटं चालते, मग ती बदलावी लागते. अंधाऱ्या नाट्यगृहात, बदलत्या फितीत, नेमका तो क्षण हाती लागणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. पडद्यामागचे तुकडेही जपून पाहा. लंडनमध्ये एका दुकानाच्या पाटीवरचे शब्द, प्राणी, कुत्रा, आंघोळ, आणणे, परत करणे, डिलन उलटेपालटे करत राहतो आणि दोन मिनिटांत पाटीचं काव्य करून टाकतो. शब्दांचा हा माणूस कसा काम करतो ते कुठल्याही मुलाखतीपेक्षा इथे जास्त दिसतं. पत्रकार परिषदेत कुणी त्याला चष्म्याची काडी तोंडात धरून फोटो द्यायला सांगतो, तेव्हा तो चष्मा काढून त्यालाच पुढे करतो.

कार्यक्रमाचा पहिला भाग एकट्याने, लाकडी गिटारवर. लोक श्वास रोखून ऐकतात. दुसऱ्या भागात टेलिकास्टर आणि मागे पाच जण: रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन आणि ड्रमवर मिकी जोन्स. मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल हे तेव्हा हाले वाद्यवृंदाचं घर होतं. विजेशिवाय वाजणाऱ्या वाद्यवृंदासाठी जो घुमारा वरदान ठरतो, तो ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर आले की चिखल होतो. त्यातून गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे, मंचावर तोंड करून ठेवलेले स्पीकर तेव्हा सर्रास नव्हते. या अंगाने पाहिलं तर १९६६ मधलं त्याचं ताणून, ओढून, जवळजवळ ओरडून गाणं नुसता आवेश वाटत नाही. आपलाच आवाज ऐकू न येणारा माणूस असाच गातो.

१७ मे १९६६ च्या त्या रात्री मँचेस्टरमध्ये प्रेक्षकांतून एक आवाज येतो: ‘जूडास!’ जूडास म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. आपल्याकडे कुणाला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणावं तसंच हे, फक्त धर्माची धार लागलेलं. २४ वर्षांचा डिलन उत्तर देतो की माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग बँडकडे वळून, शिवी घालून, जोरात वाजवायला सांगतो आणि ड्रमचा ठोका पडतो. चित्रपटाने या क्षणासाठी साडेतीन तास वाट पाहायला लावलेली असते. डिलनवरचा २०२४ चा कथापट ‘अ कम्प्लीट अननोन’ ज्यांनी आधी पाहिलाय त्यांच्यासाठी एक खुलासा: त्यात ही आरोळी न्यूपोर्टमध्ये दाखवली आहे. प्रत्यक्षात ती दहा महिन्यांनी, समुद्रापलीकडे आली. आधी माहितीपट पाहा आणि मग तो चित्रपट, म्हणजे घोटाळा होणार नाही.

बाहेर येणारी पोरं कॅमेऱ्यापुढे म्हणतात की हा लोकगायक राहिला नाही, याने स्वतःला विकलं. सोलापूरकराला हे ऐकताना शाहीर राम जोशी आठवायलाच हवेत. पुराण-कीर्तनाच्या घरातला मुलगा तमाशाच्या फडात रमला म्हणून त्याला घराबाहेर काढलं गेलं, आणि आज त्यांच्या लावण्या मराठी साहित्यात शिकवल्या जातात. तुळजापूर इथून ४५ किलोमीटर. आज तिथल्या गोंधळात संबळाशेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड उभा राहिला की वाद होतोच, आणि तो अगदी त्या मँचेस्टरच्या पोरांच्या भाषेत होतो. चित्रपट पाहिल्यावर त्या वादात विचारायचा प्रश्न मात्र बदलतो. ऑक्टोपॅड आहे की नाही यापेक्षा, गोंधळ्याचं आख्यान शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळतंय का?

आता कमतरता. ज्याच्यावर चित्रपट, त्याच्याच कचेरीने मुलाखत आणि जुना साठा पुरवलेला. त्यामुळे खाजगी आयुष्याला तो जवळपास हात लावत नाही, आणि १९६६ मधली त्याची ती काटकुळी, थकलेली अवस्था नुसती दाखवतो, कशामुळे ते विचारत नाही. त्याचा तेव्हाचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन याचा पैशांचा व्यवहारही वरवरच येतो. एका लोकगायकाला तारा बनवण्यात व्यवस्थापकाचा वाटा किती, हे कळायला हवं होतं. तमाशाच्या फडात मालक आणि कलावंत यांच्या हिशोबावर सगळं ठरतं हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला ही जागा रिकामी वाटेल. दुसरी तक्रार मोठी: गाणी मध्येच तोडली आहेत. पूर्ण हवी असतील तर याच नावाने २००५ मध्येच आलेला ‘बूटलेग सिरीज’ या डिलनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मालिकेचा सातवा भाग, दोन सीडींचा, घ्यावा.

पाहायची पद्धत. दोन संध्याकाळी ठेवा, एका भागाला एक. डिलन आणि बाकीचे जुने गायक पुटपुटतात, म्हणून इंग्रजी उपशीर्षकं मिळत असतील तर चालू करा. टीव्हीवर ‘मोशन’ नावाची जी काही सोय असेल ती बंद करा. फितीचं चित्र सेकंदाला २४ चौकटींचं आहे, ती सोय लावली की १९६६ चा माणूस मालिकेतल्यासारखा गुळगुळीत दिसतो. जुने तुकडे चौकोनी आहेत, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, ताणू नका. साउंडबार असेल तर ‘सराउंड’ आणि ‘बास बूस्ट’ दोन्ही काढा. त्या काळचं बरंचसं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, आणि नाट्यगृहाचा घुमारा त्यात आधीच भरलेला आहे. वर बास टाकला की शब्द गेले. सोलापूरचा एप्रिल-मे असेल तर पंख्याचा आवाज पुटपुटणं खाऊन टाकतो, तेव्हा रात्री नऊनंतर पंखा दोनवर ठेवून, स्पीकर कानांच्या उंचीवर आणून बसा. मंडळात किंवा कॉलेजात सगळ्यांना दाखवायचा असेल तर आधी सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना पाहा, घरची डीव्हीडी त्यासाठी चालत नाही. आणि अपघातानंतर पडदा काळा झाला तरी दिवे लावू नका, शेवटची पाटी वाचू द्या. त्या दौऱ्यानंतर आठ वर्षं तो दौऱ्यावर गेला नाही, हे तिथे लिहिलेलं आहे.